शॅम गटातले ससे

सशाला आधी टॉवेलात गुंडाळावं लागतं. चारी पाय आत, डोकं आणि कान तेवढे बाहेर. एकदा का टॉवेल घट्ट बसला, की ससा झटापट सोडतो आणि कानाच्या कडेची शीर सुईसाठी मोकळी मिळते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलांना काय तोटा! शेजारच्या कारखान्यातला डागी माल पिंजरे झाडणारी नूरबीमावशी गठ्ठ्यानं उचलून आणायची. त्यामुळं सशांच्या अंगावर कधी मोर असत, कधी गुलाब, तर कधी कुणाच्या लग्नातल्या आहेराचे, नाव चुकलेले टॉवेल.

डॉ. अंबादास येलदी इथला पशुवैद्य. प्रयोगशाळा खाजगी, हृदयविकारावरची औषधं तपासणारी; शेड मात्र जुनी, पूर्वी टॉवेलचीच. माग भंगारात गेले, भिंतींना पांढरा रंग लागला, एसी बसले आणि मागांच्या जागी पिंजऱ्यांच्या रांगा आल्या. अंबादासचा हात इतका हलका, की पुण्याची माणसं त्याच्याकडं शिकायला येत. माणूस तसा वाईट नव्हता. पण ससा मेला की त्याला जेवणाच्या डब्याची आठवण व्हायची, हेही तितकंच खरं.

प्रयोग समजायला सोपा होता. ससा बेशुद्ध करायचा, डावीकडून छाती उघडायची, आवळ्याएवढं हृदय समोर आलं की त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीभोवती रेशमी धागा घालायचा आणि गाठ मारायची. हृदयाचा तेवढा भाग मरतो. माणसाला झटका येतो तसाच. मग औषध द्यायचं आणि काय फरक पडतो ते बघायचं. पण तुलनेसाठी दुसरा गट लागतो. त्या सशांचीही छाती उघडायची, धागाही घालायचा, फक्त गाठ मारायची नाही. धागा सुटाच ठेवून छाती शिवून टाकायची. याला शॅम म्हणतात, म्हणजे खोटी शस्त्रक्रिया. या सशांना काही होत नाही. ते खातात, लेंड्या टाकतात आणि प्रयोग संपला की मारले जातात.

अंबादासच्या घरीही अशीच एक छाती उघडून शिवलेली होती. त्याची लेक वैष्णवी दीड वर्षाची. जन्मतःच हृदयात मोठं भोक. एवढ्याशा जिवाला मोठं ऑपरेशन सोसणार नाही, म्हणून हैदराबादच्या डॉक्टरांनी फुप्फुसाकडं जाणाऱ्या वाहिनीभोवती एक पट्टी घातली होती आणि मोजून आवळून ठेवली होती. वजन भरलं की पट्टी काढायची आणि भोक बुजवायचं. तोपर्यंत ती पट्टी होती तेवढीच राहायला हवी होती, जास्त घट्ट नाही आणि सैलही नाही. त्याची बायको भाग्यलक्ष्मी दूध पाजताना लेकीचे ओठ बघायची. अंबादास कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी तिची नखं बघायचा. लेक ऑपरेशनपर्यंत टिकावी, यापलीकडं त्याला जगात काही नको होतं.

उन्हाळा चढायला लागला तेव्हा पहिला ससा मेला.

"साहेब, ह्यो ग्येला की," नूरबीमावशी पिंजऱ्याशी उभी राहून म्हणाली. "सकाळी गाजर खाल्लं बघा. लई ग्वाड खाल्लं. आनि आता हे."

ससा शॅम गटातला होता. अंबादासनं त्याला टेबलावर घेतलं आणि छाती उघडली. हृदयाच्या खालच्या बाजूला फिकट, मेलेला भाग होता. वाहिनीभोवतीचा धागा आवळलेला होता. त्यानं भिंग लावलं आणि मग बराच वेळ ते काढलंच नाही.

गाठ ऑपरेशनमध्ये मारतात तसली नव्हती. अंबादास विणकर पद्मशाली घरातला, अशोक चौकात मागाच्या आवाजात वाढलेला. ही गाठ त्याला अंधारातही ओळखू आली असती. ताण्याचा धागा तुटला की विणकर मारतो ती. बारीक, चपटी, फणीच्या दातांतून न अडखळता जाणारी, टोकं जवळ कापलेली. त्यांच्या घरात सुटा धागा कुणाला बघवत नसे. एकदा मागावर तुटका धागा तसाच ठेवून तो जेवायला बसला, तर वडलांनी त्याला भरल्या ताटावरून उठवून आधी गाठ मारायला लावली होती. म्हणजे आपलेच हात, असं अंबादासनं ठरवलं. बोलण्याच्या नादात हातांनी जुनी सवय काढली असणार.

प्रयोगशाळेचे प्रमुख पृथ्वीराज सर खुर्चीत रेलून हसले. "येलदी, विणकाम घरी करायचं. इथं ससे महाग पडतात."

पुढच्या वेळी कॅमेरा लावला. चित्रणात स्वच्छ दिसत होतं: धागा घातला, दोन्ही टोकं लांब ठेवली, गाठ नाही, छाती बंद. तो ससाही चौथ्या दिवशी मेला. आत तीच गाठ. मग सर म्हणाले, बाजूला व्हा, मी करतो. सरांना बुटाची नाडी बांधायचाही कंटाळा. वर्षभर बिननाडीचे बूट घालायचे. त्यांनी केलेल्या सशाच्या छातीतूनही विणकराची गाठ निघाली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी भिंग पुसलं, परत बघितलं आणि म्हणाले, "या शेडमध्ये आधी काय होतं हो?"

"टॉवेलचा कारखाना."

"बंद का पडला?"

"इथं पडतातच की, सर."

त्याच आठवड्यात भर दुपारी वीज गेली. आजूबाजूच्या कारखान्यांतले माग एकदम थांबले. एमआयडीसीत अशी शांतता कानाला टोचते. अंबादास सशांच्या खोलीत होता. सोबत नूरबीमावशी होती, दार लावलेलं. त्याला दिसलं, की सगळे ससे पिंजऱ्यांच्या एकाच बाजूला, भिंतीकडच्या कोपऱ्याकडं तोंड करून बसलेत. कान ताठ. मग एकानं मागचा पाय आपटला. ससा घाबरला की आपटतो, त्यात नवल नाही. पण दुसऱ्यानंही आपटला, मग सगळ्यांनी, एकदम. खट्. थांबून पुन्हा खट्. कुणी मागं नाही, कुणी पुढं नाही. माग चालावा तशी ती खोली चालत होती. नूरबीमावशीनं पदर तोंडाला लावला. वीज आली आणि ससे आपापल्या खाण्याकडं वळले. त्यांच्या पांढऱ्या पाठींवर सुताची बारीक लव बसली होती. एसीच्या बंद खोलीत ती कुठून आली, ते कुणी विचारलं नाही.

"धागा काढूनच टाकू," सर म्हणाले. "घालायचा, परत ओढून घ्यायचा, छाती बंद. तोही शॅमच. कुणी विचारलं तर सुधारणा केली म्हणून सांगू."

तसं केलं आणि ससे जगले. सगळेच्या सगळे. सरांनी त्या दिवशी सर्वांना उसाचा रस पाजला. अंबादास हलक्या मनानं घरी गेला, तर भाग्यलक्ष्मी दारातच लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. वैष्णवीचे ओठ जांभळे पडले होते.

सोलापुरातल्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली. "पट्टी घट्ट झालीय. मूल वाढतं, पट्टी तेवढीच राहते. होतं असं."

"डॉक्टर, वजन वाढलेलं नाहीये. महिनाभर आहे तेवढंच आहे."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पडद्याकडं पाहिलं. ऑक्सिजन लावला, उद्या बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास हॉस्पिटलमधून सरळ शेडवर गेला. आपण काय करतोय हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. एक ससा घेतला, छाती उघडली, वाहिनीभोवती धागा घातला आणि तो सुटा ठेवून छाती शिवून टाकली. दुपारी भाग्यलक्ष्मीचा फोन आला, पोर हसतेय. डॉक्टरांनी परत सोनोग्राफी केली आणि यंत्रावर टिचकी मारून बघितली. "पट्टी आपोआप सैल होत नसते हो. कालचं माप चुकलं असेल."

चार दिवसांनी ससा मेला. त्याच संध्याकाळी वैष्णवी पुन्हा काळवंडली.

अंबादास शिकलेला माणूस. एकदा घडलं तर योगायोग, म्हणून त्यानं एकदाच, फक्त एकदाच, ससा मेल्यावर मुद्दाम दुसरा करायला उशीर लावला. लेकीच्या श्वासाची घरघर शेजारच्या घरात ऐकू गेली. त्यानंतर त्यानं कधी उशीर केला नाही. शेडमध्ये एक तरी धागा सुटा असेपर्यंत जे काही होतं ते तिथं गुंतून राहायचं. तिथलं काम उरकलं, की ते दुसरीकडं सुटा, नाहीतर अर्धवट आवळलेला धागा शोधायचं. का, कसं, कोण, याच्यात तो पडला नाही. बाप झाल्यावर माणसाला कारणं लागत नाहीत, उपाय पुरतो.

मग ससे जायला लागले. एकामागून एक, कुठल्याही प्रयोगाशिवाय. एक आत सुट्या धाग्यानं जिवंत असायचा, त्याच्या मरणाची चाहूल लागायच्या आत दुसरा तयार. अंबादासचा हात आता इतका सरावला, की टॉवेलातून टॉवेलात जाईपर्यंत चहासुद्धा निवत नसे. भुलीचं औषध संपत आलं तर तो अर्ध्या भुलीवर करी. ससा ओरडत नाही, सगळं आयुष्य मुका असतो. ओरडतो तो एकदाच, आणि तो आवाज लहान मुलासारखा असतो. अंबादासनं तो बऱ्याचदा ऐकला. ऐकून त्याला वाईट वाटायचं नाही. उलट, घरी सगळं ठीक असणार, असा दिलासा वाटायचा. आपला तो बाब्या म्हणतात ते उगाच नाही.

सरांना त्यानं रोगाची साथ सांगितली. सरांनी काही दिवस मान हलवली, मग प्रयोगच बंद केला आणि नवे ससे मागवणं थांबवलं. पिंजरे रिकामे होत गेले. तेवढ्यात हैदराबादहून निरोप आला: वजन भरलंय, घेऊन या. निघायला दोनच दिवस होते आणि शेडमध्ये एकच जीव उरला होता.

ती नूरबीमावशीची बेगम. सशांना नावं ठेवायची नाहीत, असा तिथला नियम. कानावर गोंदलेला आकडा हेच नाव. पण ही मादी पिलं देण्यासाठी म्हणून आलेली, कुठल्याच गटात नव्हती. नूरबीमावशी भाकरीचा पापुद्रा तिच्यासाठी पदरात बांधून आणायची. बेगमही अशी नखरेल, की दुसऱ्या कुणाच्या हातची कोथिंबीर हुंगून बाजूला सारायची.

"ही न्हाय, साहेब," मावशी पिंजऱ्यासमोर आडवी झाली.

"दुसरा उरला नाही, मावशी."

"परयोग तर संपला म्हनं. मोठ्या सायबांनीच सांगितलं की. मग हिला कशापायी फाडताय?"

अंबादासला खोटं बोलता आलं असतं. पण सांगून टाकलं, चार वाक्यांत, रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं. बाहेर शेजारच्या कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली, सायकली निघाल्या, परत आल्या.

"पोरगी केवढी हाय तुमची?"

"दीड वर्षाची."

"ही बी तेवढीच हाय," मावशी म्हणाली. तिनं डोळे पुसले, पिंजऱ्याची कडी काढली आणि गठ्ठ्यातला त्यातल्या त्यात मऊ टॉवेल शोधला. "मीच धरते. माज्याबिगर ती गप ऱ्हायची न्हाय."

बेगम तिच्या हातात खरंच गप राहिली. सुई टोचेपर्यंत ती मावशीचा अंगठा चाटत होती.

हैदराबादला ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि हसले. पट्टी निघाली होती, भोक बुजलं होतं. अंबादासनं त्यांचे हात धरले आणि विचारलं, "आत एखादा धागा सुटा नाही ना राहिला?"

"डॉक्टर असून काय विचारता! एकेक टाका बांधलेला आहे."

भाग्यलक्ष्मी तिथंच जमिनीवर बसून रडली. अंबादासही रडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचे तरी पाय धरावेसे वाटले.

काही दिवसांनी वैष्णवीला अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणलं, त्या सकाळी नूरबीमावशीचा फोन आला.

"साहेब, बेगम ग्येली." बेगमनं बाकीच्यांपेक्षा दुप्पट दिवस काढले होते. "मांडीवरनं उतरवलीच न्हवती मी. छातीवर हात ठिवला व्हता. आतनं कुनीतरी करकचून आवळलं, साहेब. माज्या हाताला लागलं ते."

"असू द्या, मावशी. टाकून द्या आता तिला."

"टाकून द्या?"

"मग काय करणार?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. गरज सरो, वैद्य मरो. त्यानं भाग्यलक्ष्मीसाठी गरम इडली आणली.

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर वैष्णवीच्या छातीवरच्या तारा काढायला आला. ऑपरेशननंतर ठोके चुकले तर विजेचा आधार देता यावा, म्हणून हृदयाच्या पृष्ठभागावर दोन बारीक तारा टाचतात आणि त्यांची टोकं बाहेर काढून ठेवतात. मूल सुधारलं की हलकेच ओढून घ्यायच्या. पहिली सहज आली. दुसरी आली नाही.

डॉक्टरनं पुन्हा ओढून पाहिली. वैष्णवी किंचाळली. त्यानं तार ताणून धरली, कातडीलगत कापली आणि बोटानं दाबली. टोक आत गेलं.

"आत ठेवली?" अंबादासनं विचारलं.

"जोरात ओढली तर रक्तस्राव व्हायचा. पुष्कळांच्या छातीत राहते. काही होत नाही."

"ते टोक कुठं बांधलेलं असतं का?"

"नाही. सुटंच असतं."

दुपारी एक्स-रे काढला. घरी सोडण्याआधी काढतातच. अंबादासनं तंत्रज्ञाच्या खांद्यावरून पडद्याकडं पाहिलं. फासळ्यांच्या मागं केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती. ती सरळ नव्हती. टोकाशी तिला एक वळसा पडला होता.

"मूल रडतं, हलतं. वळते कधी कधी," तंत्रज्ञ म्हणाला.

विणकराच्या गाठीचा पहिला वळसा तसाच पडतो.

त्यानं जिन्यात जाऊन फोन लावला. "मावशी, एखादा ससा मिळेल का? कुठूनही. बाजारातून आणा."

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. "पिंजरे धुवून ठिवलेत, साहेब. आनि आनला तरी त्याला कापनार कोन? तुमी तितं."

तो वॉर्डात परत आला. वैष्णवी झोपली होती, पण श्वास घेताना गळ्याशी खळगा पडत होता.

पलीकडच्या खाटेवर चन्नवीर होता. बिदरकडचा, सात-आठ महिन्यांचा, मोठ्या डोळ्यांचा. त्याच्या पोटावर गॉजची घडी चिकटवलेली होती आणि तिच्याखालून दोन तारांची सुटी टोकं डोकावत होती. त्याची आई भाग्यलक्ष्मीला सकाळपासून घरच्या शेंगाचटणीतली वाटणी देत होती.

अंबादासनं चन्नवीरच्या गालाला बोट लावलं. पोर हसलं.

"तारा कधी काढणार याच्या?"

"आज सांजच्याला म्हनालेत," आई म्हणाली. "दुखतं का हो लई?"

"दुखतं. आमची कशी किंचाळली, ऐकलंत ना. रक्तही येतं कधी कधी." त्यानं स्टूल ओढून घेतलं. "मी डॉक्टर आहे, म्हणून सांगतो. घाई करू देऊ नका. आणखी चार दिवस राहू द्या म्हणावं. अडून बसा. आईनं नाही म्हटलं की ते काढत नाहीत."

बाईचे डोळे भरून आले. तिनं त्याला हात जोडले. संध्याकाळी तरुण डॉक्टर आला तेव्हा ती खाटेला धरून उभी राहिली आणि नाहीच म्हणाली. तो वैतागून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासनं हट्टानं पुन्हा एक्स-रे काढायला लावला. तार सरळ होती.

"बघा, म्हटलं होतं ना," तंत्रज्ञ म्हणाला.

भाग्यलक्ष्मीनं पिशव्या भरल्या. वैष्णवी तिच्या कडेवर नाचत होती. निघताना निरोप घ्यायला म्हणून ती पलीकडच्या खाटेपाशी थांबली. अंबादास दारातच उभा राहिला.

चन्नवीरची आई त्याला थोपटत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि अंबादासकडं बघून हसली.

"काल रातभर लई किरकिर केली बघा त्यानं," ती हळूच म्हणाली. "पहाटेपासनं कसा शान्यावानी गप झोपलाय. दुदाला बी उठला न्हाय."